पुढचा ब्रेक धरून बसला तर

खेडोपाडी आता मोटरसायकली पुष्कळ झाल्या आहेत. काहींच्या पुढच्या चाकाला चकचकीत चकती असते. त्या ब्रेकला डिस्क ब्रेक म्हणतात. त्याला तार नसते. तो तेलावर चालतो.

एक शेतकरी गाडी ढकलत गॅरेजात आले. घामाघूम झाले होते.

"मेस्त्री, गाडी ओढतच नाही बघा. पेट्रोलही जास्त खातेय. इंजिन उघडावं लागणार वाटतं."

मेस्त्री खाली बसले. त्यांनी हाताची पालथी बाजू चकतीजवळ नेली. टेकवली मात्र नाही.

"दादा, इंजिन ठीक आहे. पुढचा ब्रेक धरून बसलाय. चकती तव्यासारखी तापलीय. हात लावू नका. पाणीही ओतू नका, चकती वाकडी होईल. अर्धा तास निवू द्या."

तोवर हा ब्रेक कसा चालतो ते पाहू.

हँडलावर उजवीकडे एक लहान डबी असते. तिच्यात ब्रेकचे तेल असते. लिव्हर दाबली की डबीजवळच्या मास्टर सिलिंडरातला दट्ट्या तेल पुढे ढकलतो. तेल नळीतून चाकापाशी जाते. तिथे कॅलिपर असतो. तो जणू चिमटाच. त्यातला दट्ट्या पुढे सरकतो आणि दोन पॅड चकतीला आवळतात. लिव्हर सोडली की दट्ट्याभोवतीचे रबरी कडे त्याला केसभर मागे घेते. तेल एका बारीक भोकातून पुन्हा डबीत जाते.

हे भोक सुईच्या टोकाएवढे असते. ते गाळाने बुजले की तेल कोंडते. चकती तापते, तेल फुगते, ब्रेक आणखी आवळतो. चालत्या गाडीचे पुढचे चाक असे अडकले तर माणूस गाडीवरून फेकला जातो. म्हणून गाडी जड लागली की थांबावे. काही महाग मोटरसायकलींचा क्लचही असाच तेलावर चालतो. त्यालाही हेच दुखणे होते.

चकती निवली. मेस्त्रींनी गाडी डबल स्टँडवर घेतली आणि पुढचे चाक उचलून धरले. आधी लिव्हर पाहिली. लिव्हरला थोडी ढील हवी. गाडी पडून लिव्हर वाकली, तर दट्ट्या पुरता मागे येत नाही आणि ते भोक झाकलेलेच राहते. इथे ढील ठीक होती.

मग त्यांनी लिव्हर चार-पाच वेळा दाबून सोडली. चाक फिरेना. कॅलिपरवर तेल सोडण्याचा एक निपल असतो. त्यावर फडके धरून त्यांनी तो थोडा ढिला केला. दोन थेंब तेल आले. चाक तरीही घट्टच!

"चाक आता सुटलं असतं, तर तेल कोंडलंय असं कळलं असतं. मग वर डबीपाशी नळीचा बोल्ट ढिला करून बघायचं. तिथं सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरचा. तिथं न सुटता खालीच सुटलं, तर नळी आतून सुजलेली. पण इथं तेल सोडूनही सुटलं नाही. म्हणजे कॅलिपरच जाम आहे."

त्यांनी निपल आवळला, दोन बोल्ट काढून कॅलिपर उतरवला आणि पॅड काढले. कॅलिपर ज्या दोन खिळ्यांवर सरकतो, ते गंजून चिखलात रुतले होते. पावसाळ्यातला चिखल होता तो.

"डिझेलनं धुवा की," दादा म्हणाले.

आपल्याकडे काहीही धुवायचे म्हणजे डिझेल! पण ब्रेकच्या रबराला डिझेल, पेट्रोल, इंजिन ऑइल चालत नाही. रबर फुगते आणि दट्ट्या कायमचा अडकतो. मेस्त्रींनी साबणाचे पाणी आणि जुना दातांचा ब्रश घेतला. दट्ट्याची उघडी बाजू घासली. पॉलिश कागद लावला नाही, त्याने ओरखडे पडतात. सगळे कोरडे केले. खिळे साफ करून ब्रेकसाठीचे वेगळे ग्रीस लावले. मग दट्ट्या हाताने हळूहळू आत दाबला. तेव्हा डबीतले तेल वर चढते, सांडू देऊ नये. ते रंग खाते. सांडलेच तर लगेच पाण्याने धुवावे.

डबीतले तेल काळे पडले होते. हे तेल हवेतला ओलावा पिते. मग ते कमी उष्णतेला उकळते आणि ब्रेक लागत नाही. साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते, तेच घ्यावे. बाटली सीलबंद हवी. बरेच दिवस उघडी पडलेली नको. तेल बदलताना डबी रिकामी होऊ देऊ नये, नाहीतर हवा शिरते आणि लिव्हर पोकळ लागते. एबीएस असलेल्या गाडीचे तेलाचे काम घरी करू नये. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे.

कॅलिपर बसला. बोल्ट आवळले. दादा लगेच किक मारायला गेले.

"थांबा! आधी लिव्हर दाबा. कडक लागेपर्यंत दाबत राहा. पॅड मागं सरकलेत. तसेच निघालात तर पहिला ब्रेक लागणारच नाही."

दादांनी सात-आठ वेळा लिव्हर दाबली. ती कडक झाली. मग त्यांनी गाडी एका हाताने ढकलली. गाडी सरळ पुढे गेली.