पाठ : पाटीवरचे नाव आणि तुमची ठेव

शिवाजीनगरच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली दुकाने आहेत. पाटीवरचे आडनाव पाहूनच आपण आत शिरतो. माल घेताना हे ठीक आहे. फार तर एखादी वस्तू खराब निघेल. पण त्याच भरवशावर कष्टाची शिल्लक कुणाच्या हाती द्यावी का? एका नामांकित मराठी घराण्याच्या उद्योगावरून हे समजून घेऊ.

१८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. त्या काळी सायकल परदेशातून येई. ती महाग असे आणि गिऱ्हाईक मोजके. केवळ सायकलीवर विसंबून न राहता रामूअण्णा आणि लक्ष्मणराव कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि मग लोखंडी नांगराकडे वळले. नांगर चांगला होता, पण लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, आणि १९४६ मध्ये आपल्या बेंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी सुरू झाली.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. धंद्यात घातलेल्या पैशाला थांबावे लागते. माल उत्तम आणि मालक कष्टाळू असूनही दोन वर्षे गेली. शेअर घेणे म्हणजे धंद्यात भागीदार होणे. नफा झाला तर वाटा मिळतो, तोटा झाला तर मुद्दलही घटते. समजा, तुमचा घरखर्च महिना २०,००० रुपये आहे आणि शिल्लक १,५०,००० रुपये. सहा महिन्यांच्या खर्चाचे १,२०,००० रुपये आधी बँकेत बाजूला ठेवा. उरलेल्या ३०,००० रुपयांपैकी जे काही वर्षे लागणार नाहीत, तेवढ्यांचाच शेअरसाठी विचार करा. मुलीच्या फीचे पैसे त्यात नकोत.

२. नाव एक असले तरी कंपन्या वेगळ्या असतात. हरिहरला १९४१ मध्ये म्हैसूर किर्लोस्कर ही लेथ बनवणारी कंपनी निघाली. ती पुढे बंद पडली. पुण्याची १९४६ ची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स मात्र आजही चालू आहे. आडनाव तेच, पण प्रत्येक कंपनीचा हिशेब आणि कर्ज स्वतंत्र. एकीने घेतलेले पैसे दुसरीने केवळ नावाखातर फेडावेत, असा कायदा नाही. म्हणून कागदावर कंपनीचे पूर्ण नाव वाचा.

३. पैसे कुठे ठेवले यावर संरक्षण ठरते. व्यापारी किंवा सहकारी बँकेतील ठेवीला ठेव विम्याचे संरक्षण असते. एका बँकेतील तुमच्या नावावरच्या सर्व खात्यांचे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत ते मिळते. कंपनीकडील मुदत ठेव, पतसंस्था किंवा सौहार्द सहकारी संस्थेतील ठेव यांना हा विमा लागू नाही. तिथे व्याज जास्त दिसते, कारण धोकाही तुम्हीच उचलता.

सही करण्याआधी हे विचारा :

– पैसे नेमक्या कोणत्या कंपनीकडे किंवा संस्थेकडे जात आहेत?
– मला मिळणारा कागद शेअरचा आहे, कंपनीच्या ठेवीचा आहे, की बँकेच्या ठेवीचा?
– यावर ठेव विमा आहे का?
– हे पैसे अडकले, तर घर किती महिने चालेल?

यातल्या एकाही प्रश्नाचे स्पष्ट उत्तर मिळाले नाही, तर त्या दिवशी सही करू नका. कागद घरी आणा, घरातल्यांसह वाचा. आज घरी गेल्यावर आपल्या सगळ्या पावत्या काढा आणि प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने लिहा : बँक, कंपनी की संस्था. सगळ्या पावत्या एकाच नावाच्या निघाल्या, तर पुढची ठेव दुसरीकडे ठेवण्याचा विचार करा.