वहीतली एकच चूक : हिपॅटायटिस बी आणि यकृताचा कर्करोग



गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईला हिपॅटायटिस बी असल्याचं रक्ततपासणीत निघालं. आपल्याकडे याला ‘पांढरी कावीळ’ म्हणतात. बातमी गावभर झाली. दुसऱ्याच दिवशी दोन पालक आले आणि म्हणाले, “मॅडम, त्या पोरीला खिचडी खायला जरा बाजूला बसवा.” मला धड उत्तर देता आलं नाही. कावीळ पाण्यातून, अन्नातून पसरते, एवढंच माझ्याही डोक्यात होतं. त्या दिवशी ती मुलगी एकटी जेवली. ते मनाला फार लागलं, म्हणून मी या आजाराचा अभ्यास केला. जे समजलं ते आपल्या भाषेत मांडते.

विषाणू किती मोठा?

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचं एक मोठं पुस्तक असतं. त्यात सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा डीएनए म्हणजे जेमतेम ३२०० अक्षरांची चिठ्ठी. ही चिठ्ठी यकृताच्या पेशीच्या केंद्रकात शिरते, तिथे वेगळं कडं करून राहते आणि त्यावरून नवे विषाणू तयार होतात. पुस्तकाला हात लावायची तिला गरजच नसते.

मग तुकडा चिकटतो कसा?

अपघाताने! एचआयव्हीच्या विषाणूकडे स्वतःला आपल्या डीएनएत घुसवायचं खास साधन असतं. हिपॅटायटिस बीकडे तसं काही नाही. पण आपला डीएनए अधूनमधून तुटतो आणि पेशी तो जोडत असते. समजा, फाटलेलं पान चिकटवताना शेजारी पडलेली दुसऱ्याची चिठ्ठीही मध्येच चिकटली. तसंच इथे होतं. विषाणूची नक्कल होताना तयार झालेला एखादा तुकडा त्या सांध्यात अडकतो. या तुकड्यापासून सहसा पुन्हा पूर्ण विषाणू बनत नाही. पण पेशीची दोन होताना पुस्तकाबरोबर तुकड्याचीही नक्कल होते.

कर्करोगाशी संबंध काय?

आपण वह्या तपासतो तेव्हा पाच मुलांच्या वहीत एकाच ओळीत एकच विचित्र चूक दिसली, तर लगेच ओळखतो की सगळ्यांनी एकाच वहीवरून उतरवलंय. शास्त्रज्ञांनीही असंच ओळखलं. या आजारातून झालेल्या यकृताच्या गाठी तपासल्या, तेव्हा दहापैकी आठ-नऊ गाठींत विषाणूचे तुकडे सापडले. शिवाय एका गाठीतल्या असंख्य पेशींमध्ये तुकडा अगदी त्याच जागी होता. याचा अर्थ, ती सगळी गाठ एकाच पेशीपासून वाढली आणि तुकडा त्या वाढीच्या आधीच चिकटला होता.

बहुतेक तुकडे निरुपद्रवी जागी पडतात. पण काही वेळा तुकडा ‘टर्ट’ नावाच्या जनुकाजवळ पडतो. पेशी दर वेळी विभागताना गुणसूत्रांची टोकं थोडी झिजतात, बुटाच्या नाडीचं टोक झिजावं तशी. त्यामुळे पेशीला कधीतरी थांबावं लागतं. टर्ट जनुक ही टोकं पुन्हा भरून काढतं. मोठ्या माणसाच्या यकृतात ते जवळजवळ बंद असतं. शेजारी पडलेला तुकडा ते चालू करतो आणि पेशी थांबायचं विसरते.

एवढ्यानेच कर्करोग होतो असं मात्र नाही. वर्षानुवर्षं यकृताला आलेली सूज, विषाणूची प्रथिनं, दारू, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतलं अफ्लाटॉक्सिन अशा गोष्टी भर घालत जातात. या सगळ्याला बहुधा काही दशकं लागतात.

बाळपणीचा संसर्ग जास्त घातक का?

मोठ्या माणसाला संसर्ग झाला तर शंभरातले पंच्याण्णव जण बरे होतात. जन्मताच आईकडून संसर्ग झाला आणि लस मिळाली नाही, तर शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांच्या शरीरात विषाणू कायमचा राहतो. म्हणजे तुकडे चिकटायला अख्खं आयुष्य मिळतं. आज विषाणू आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या आहेत. त्यांनी कर्करोगाचा धोकाही कमी होतो. पण चिकटलेला तुकडा उपटून काढणारं औषध नाही. म्हणूनच पहिली लस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायची असते.

तैवानने जुलै १९८४ मध्ये नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली. त्यानंतर दहाएक वर्षांत ६ ते १४ वर्षांच्या मुलांमधलं यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण दर लाखात ०.७० वरून ०.३६ वर आलं. म्हणजे जवळजवळ निम्मं!

आपण काय करायचं?

१. मुलाचं लसीकरण कार्ड काढून बघा. जन्मताच दिलेल्या हिपॅटायटिस बीच्या लशीची आणि ६, १०, १४ आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंटची नोंद आहे का? नसेल तर आरोग्य केंद्रात विचारा.

२. घरात गरोदर बाई असेल तर तिची ही तपासणी झाली आहे ना, याची खात्री करा.

३. हा आजार रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. जत्रेत एकाच सुईने गोंदणं, दुसऱ्याचं ब्लेड किंवा टूथब्रश वापरणं टाळा.

४. एका ताटात जेवल्याने, डबा वाटून खाल्ल्याने, मिठी मारल्याने किंवा शेजारी बसल्याने तो होत नाही.

५. ज्यांना हा आजार आहे त्यांनी ‘कावीळ उतरवून’ घेण्यात वेळ घालवू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध आणि ठरावीक काळाने सोनोग्राफी करावी. कुणाचा रिपोर्ट गावभर करणं तर आपण सगळ्यांनीच थांबवायला हवं.

त्या मुलीची तपासणी झाली. तिला संसर्ग नव्हता, कारण जन्मली त्याच दिवशी तिला लस मिळाली होती. पण समजा संसर्ग असता, तरी पंगतीतून उठवायचं काहीच कारण नव्हतं. पुढच्या पालकसभेत मी हे सगळं फळ्यावर काढून दाखवलं. आता ती सगळ्यांच्या मध्ये बसून जेवते. हे मला त्या पहिल्याच दिवशी सांगता यायला हवं होतं.