लॉड स्कोअर आणि दोन माणसं

मागच्या सेमला, सबमिशनच्या दिवसांत, एका मित्राने रात्री विचारलं, "माझ्या बाबांना बायपोलर आहे. म्हणजे मला पण होणार का रे?" मला उत्तर आलं नाही. मग लायब्ररीत बसून वाचलं. यातलं गणित आपल्याला जमणारं आहे, म्हणून लिहितोय.

बायपोलर डिसऑर्डरमध्ये माणूस काही काळ अति उत्साहात असतो, तर काही काळ खोल निराशेत. आजार काही घराण्यांत जास्त दिसतो. मग त्याचं जीन शोधायचं कसं? 'लिंकेज' पद्धतीत गुणसूत्रावरची एक माहितीतली खूण घेतात. खूण आणि जीन शेजारी असतील तर मुलाकडे दोन्ही बहुतेक जोडीने जातात. लांब असतील तर नाणेफेक! निम्म्या वेळा जोडी, निम्म्या वेळा ताटातूट.

समजा, १० मुलांत दहाही वेळा जोडी टिकली. शेजारी असल्यास याची शक्यता १, नुसत्या नाणेफेकीने १/१०२४. या दोन शक्यतांच्या गुणोत्तराचा लॉग (पाया १०) म्हणजे लॉड स्कोअर. इथे तो ३.०१ येतो. १९५५ मध्ये न्यूटन मॉर्टन यांनी ३ ही पासिंगची रेषा सुचवली.

आता निरोगी धरलेलं एक मूल पुढे आजारी पडलं, म्हणजे एक जोडी तुटली. गुणोत्तर १०२४ वरून सुमारे ४० वर येतं आणि लॉड १.६ वर. एका माणसामुळे आपण नापास!

हे खरंच घडलंय. १९८७ मध्ये जेनिस एगलँड आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या आमिश लोकांच्या एका मोठ्या घराण्यात, ११ व्या गुणसूत्रावर असं जीन असल्याचं 'नेचर'मध्ये मांडलं. लॉड ४ च्या वर होता. पण निरोगी धरलेल्या दोघांना पुढे आजार झाला, घराण्याची आणखी माणसं तपासली गेली, आणि १९८९ च्या फेरतपासणीत पुरावा कोसळला.

फॉर्म्युला बरोबरच होता. पण 'आज निरोगी' म्हणजे 'कायम निरोगी' नव्हे. शिवाय एकच मोठं जीन असेल, हेही खरं नाही. २०२१ च्या अभ्यासात सुमारे ४२ हजार रुग्णांचा डीएनए तपासून ६४ जागा मिळाल्या, प्रत्येकीचा वाटा अगदी छोटा.

मित्राला सांगितलं: आई-वडिलांपैकी एकाला असेल तर धोका साधारण ५ ते १० टक्के, एरवी १ च्या आसपास. म्हणजे जास्त, पण नव्वदहून अधिक जणांना होत नाही. झोप उडाली, मन ताब्यात राहीना, तर लपवू नकोस, डॉक्टरांकडे जा. सोबत मी येतो.