डबे मोजायच्या आधी होडी मोज

अगं, जुनी जे-२४ घेतलीस ते फार छान केलंस. पण ‘ताई, पाच डबे पुरतील का?’ याचं उत्तर मी फोनवर देणार नाही. क्लबातल्या काकांनी दिलं तरी ऐकू नकोस. त्यांची होडी त्यांच्या मापाची. लांबी थोडी वाढली की रंग किती वाढतो, याचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो. गोव्यात बांधलेली नौदलाची ‘तारिणी’ आठवते ना, जिच्यावरून २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकारी पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या? ती ५६ फुटी, तुझी २४ फुटी. लांबी सव्वादोनपटीच्या जरा वर. पण घाट सारखाच धरला तर रंग लागेल पाचपटीहून जास्त.

तेव्हा टेप काढ, आणि तीन जागांचे तीन हिशेब वेगळे ठेव. तिन्हीचे रंग निराळे असतात.

आधी पाण्यावर दिसणाऱ्या बाजू. लांबीत रुंदी मिळव, दुप्पट कर, बाजूच्या सरासरी उंचीने गुण. तुझी होडी ७.३ मीटर लांब, २.७ रुंद, बेरीज १०. पाणरेषेपासून डेकच्या काठापर्यंतची उंची सगळीकडे सारखी नसते, म्हणून तीन-चार ठिकाणी मोज. सरासरी ८० सेंटिमीटर आली असं धरू. झाले १६ चौरस मीटर. डब्यावर ‘लिटरला १० चौरस मीटर’ असं असेल तर एका हाताला १.६ लिटर, दोन हातांना ३.२. तो आकडा गुळगुळीत पृष्ठभागाचा, शिवाय रोलर नि ट्रे आपला वाटा पितातच, म्हणून वर पंधरा टक्के घे. ७५० मिलिलिटरचे डबे असतील तर पाच. हो, पाचच निघाले! पण गडद निळ्यावर पांढरा चढवायचा बेत असेल तर तिसरा हात लागेल आणि पाचाचे आठ होतील. आता कळलं, मी फोनवर का बोलत नाही ते?

प्रायमरही याच १६ चौरस मीटरवर काढ, फक्त त्याच्या डब्यावरचा आकडा वेगळा असतो, तो वाच.

तळाचं गणित निराळं. पाणरेषेवरची लांबी ६.१, रुंदी आणि पाण्याखालची खोली मिळून ३.९. गुणाकार २४च्या आसपास. तुझ्यासारख्या हलक्या, फिन कीलच्या होडीला त्याचं निम्मं धरायचं, म्हणजे १२. लांब कीलची जुनी, भरदार होडी असती तर पाऊण किंवा पूर्ण धरलं असतं. अँटिफाउलिंगचे दोन हात म्हणजे साधारण अडीच लिटर, तू तीन आण. मुंबईच्या कोमट पाण्यात शेवाळ आणि शिंपले चढायला वेळ लागत नाही. उरलेला रंग कीलच्या पुढच्या धारेवर, सुकाणूवर आणि पाणरेषेच्या पट्टीवर जादा हात म्हणून मार. तिथलाच रंग आधी झिजतो.

डेकला लांबी गुणिले रुंदी गुणिले पाऊण, म्हणजे १५च्या जवळपास. पाय घसरू नये म्हणून केलेला खरखरीत भाग रंग जास्त खातो, एवढं ध्यानात ठेव.

बाजूंचे सगळे डबे एकदम घे, आणि एकाच बॅचचे. मधेच रंग संपून दुसऱ्या बॅचचा डबा आणलास तर उन्हात छटेतला फरक लगेच दिसतो. दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग असेल तर अर्ध्या तासात संपेल एवढाच हार्डनर घालून कालव. आपल्या उकाड्यात तो लवकर घट्ट होतो, आणि घट्ट झालेल्या रंगात थिनर ओतून काही उपयोग नसतो. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, तेव्हा कापडी मास्क चालणार नाही, आणि स्प्रेच्या भानगडीत तू पडूच नकोस. जुनं अँटिफाउलिंग कोरडं घासू नकोस, पाणी मारून पॉलिश पेपर चालव. ती धूळ विषारी असते.

पावसाळ्यात होडी वर काढलेली असते खरी, पण तेव्हा फक्त घासकाम उरक. रंग लावताना पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी गरम हवा, आणि जुलैच्या दमट हवेत त्याचा भरवसा नाही. पाऊस ओसरून हवा कोरडी झाली की ब्रश हातात घे.

येत्या रविवारी टेप घेऊन जा, तिन्ही आकडे मला पाठव, आणि तोवर दुकानदाराला अॅडव्हान्स देऊ नकोस.