साथीच्या काळात कागद जपा

२०२० नंतर कोरोनाचे रुग्ण पुण्याला नेले गेले. तेथे मृत्यू झाला की नोंद पुणे महापालिकेत. दाखल्यासाठी गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून उपयोग नसे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर वारसास ५० हजार रुपये ठरले. दाखल्यावर कोरोना लिहिलेला नसला तरी तपासणीपासून ३० दिवसांतला मृत्यू धरला जाई. पण तपासणीचा कागदच चुलीत गेला, तर दाद मागायची कशावर?

जीवनज्योती विमा निराळा. वय १८ ते ५०, बँकेत खाते हवे. वर्षाला ४३६ रुपये कापले जातात. पहिले ३० दिवस सोडले तर आजाराच्या मृत्यूलाही वारसास २ लाख मिळतात. मेअखेर खाते रिकामे असले की विमा तुटतो. म्हणून ऊसबिलातले तेवढे राहू द्या, आणि वारसाचे नाव लागले का, बँकेत विचारून या.