उद्दिष्टांची यादी आणि जीवनाची दिशा

मनुष्यदेह दुर्लभ आहे हे सर्वांच्या मुखी असते. परंतु त्या देहाने काय साधावयाचे, असे विचारले असता बहुतेकांस तत्काळ उत्तर देता येत नाही. दिवस उगवतो, कामे होतात, दिवस मावळतो. यावर 'आयुष्यात जे साधावयाचे त्याची यादी करावी', असा उपाय पुष्कळ जण सांगतात. हा उपाय साधक कोठवर आणि बाधक कोठून, याचा विचार येथे कर्तव्य आहे. केशिराजव्यासांच्या दृष्टांतपाठातील दृष्टांत व दार्ष्टांतिक ही रीत वाचकांस परिचित आहे. तीच येथे स्वीकारली आहे.

पहिला दृष्टांत : कर्मांची यादी

अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे जॉन गोडार्ड नावाच्या 15 वर्षांच्या मुलाने 1940 मध्ये आपल्या 127 उद्दिष्टांची यादी लिहिली. नाईल, अॅमेझॉन व काँगो या नद्यांचा शोध घेणे, एव्हरेस्ट चढणे, बायबल आद्यंत वाचणे, टंकलेखन शिकणे, विवाह करणे, चंद्रावर जाणे आणि एकविसावे शतक पाहणे, अशी नानाविध कलमे तीत होती. 1950-51 मध्ये त्याने दोन फ्रेंच सोबत्यांसह लहान नावांतून नाईल नदीचा प्रवास केला. पुढे शंभरांहून अधिक कलमे त्याने पुरी केली. एव्हरेस्ट व चंद्र राहिले. एकविसावे शतक मात्र त्याने पाहिले. 2013 मध्ये तो निवर्तला.

या उद्यमाचे कौतुक करावे तितके थोडे. जे मनात होते ते कागदावर आले, म्हणूनच ते विस्मृतीत गेले नाही. तथापि त्या यादीत धर्मग्रंथाचे वाचन आणि टंकलेखन ही एकाच पंक्तीस बसली आहेत. यादीला संख्या आहे, क्रम नाही. दोन कलमांत विरोध आला तर कोणते सोडावे, हे ती सांगत नाही.

दुसरा दृष्टांत : गुणांची यादी

त्याच देशातील बेंजामिन फ्रँकलिन (1706-1790) याने काय करावयाचे याऐवजी कसे व्हावयाचे याची यादी केली. मिताहार, मौन, व्यवस्था, निश्चय, काटकसर, उद्योग इत्यादी बारा गुण त्याने प्रथम निवडले. 'तुझ्या ठिकाणी अभिमान आहे', असे एका स्नेह्याने दाखवून दिल्यावर नम्रता हा तेरावा गुण जोडला. एका वहीत सात वारांची सात घरे आखून, ज्या दिवशी दोष घडे त्या घरात तो काळा ठिपका देई. एका सप्ताहात एका गुणाकडे विशेष लक्ष, याप्रमाणे वर्षात चार आवर्तने होत. खोडून खोडून कागदास भोके पडू लागली, तेव्हा त्याने हस्तिदंती पानांची वही केली. तीवरील खुणा ओल्या स्पंजाने पुसता येत.

येथे क्रमही आहे. मिताहाराने बुद्धी निर्मळ राहते व पुढील गुण राखणे सुकर होते, म्हणून तो प्रथम ठेविला. परंतु पूर्णत्व लाभले नाही हे त्याने स्वतःच नमूद केले आहे. अभिमान जिंकला असे वाटले, तरी त्या नम्रतेचाच अभिमान होईल, हेही त्याने ओळखले होते.

दार्ष्टांतिक

पहिल्या यादीत साधनांची गर्दी आहे; दुसरीत साधनांचा क्रम आहे; परंतु साध्याचा निर्णय यादीच्या आधी व्हावा लागतो. तो झाला नसेल तर यादी म्हणजे वासनांचीच मोजदाद होय. एक वासना पुरी झाली की तिच्या जागी दुसरी येते आणि कागद कधीच कोरा होत नाही.

साध्य एक ठरले की काय होते, हे म्हाइंभटांच्या चरित्रात दिसते. सर्वज्ञांच्या लीळा संकलित करणे हे एकच कार्य त्यांनी हाती घेतले. कोणाकडे जावे, काय विचारावे, कोणत्या कथनाची खात्री करून घ्यावी, हे सर्व त्या एका उद्देशाने ठरविले. ज्यांनी लीळा पाहिल्या त्यांच्याकडे ते गेले आणि नागदेवाचार्यांकडून त्या शोधून घेतल्या. त्यातून लीळाचरित्र सिद्ध झाले.

आचरण

यादी अवश्य करावी; परंतु प्रत्येक कलमापुढे 'कशासाठी?' हा प्रश्न लिहावा. शेती सुधारावयाची ती कशासाठी? कर्ज फिटावे म्हणून. कर्ज फिटावे ते कशासाठी? चित्त निश्चिंत व्हावे म्हणून. निश्चिंत चित्त कशासाठी? येथे वासनिकाने थांबून प्रामाणिकपणे उत्तर द्यावे. ते उत्तर ईश्वरस्मरणापर्यंत पोचत असेल, तर शेतीही साधनाला साह्य होते. केवळ शेजाऱ्याहून वरचढ दिसण्यापर्यंत पोचत असेल, तर त्या कलमावर रेघ ओढावी. आईवडिलांची सेवा व मुलांचे शिक्षण ही कर्तव्ये खालच्या प्रतीची समजून टाकू नयेत. मात्र त्यांच्या निमित्ताने स्मरण टाकण्याची सबबही करू नये.

भिक्षुकाचा मार्ग अनुसरणाने आधीच ठरलेला आहे. त्याने नवी यादी करण्यापेक्षा, नित्यविधीत आज कोठे उणे पडले याचा ठिपका रोज आपल्या मनाशी द्यावा.

एक दोष मात्र सर्वत्र आढळतो. 'स्मरण, ग्रंथवाचन, स्थानवंदन' ही कलमे शेवटच्या ओळीत लिहिली जातात आणि त्यांपुढे 'निवृत्तीनंतर' असा शेरा असतो. एकविसावे शतक पाहण्याची इच्छा गोडार्डची पुरी झाली. पण आयुष्य आपल्या यादीप्रमाणे चालेल असे अभिवचन कोणासही मिळालेले नाही. तोवर डोळ्यांस अक्षर दिसेल काय, पायांनी स्थानापर्यंत जाववेल काय, हे कोणी सांगावे? म्हणून शेवटची ओळ पहिली करावी आणि तिच्यापुढे आजची तिथी लिहावी. बाकीच्या ओळी मग आपापल्या जागी बसतील.