शंका-समाधान : केबलची शिल्ड आणि रेडिओवरची खरखर

शंका : आमच्या वर्कशॉपमधली जुनी यंत्रं अजून आरजी-५८ केबलच्या, म्हणजे १०बेस२ नेटवर्कवर चालतात. ती सुरू झाली की एफएमवर खरखर येते. प्रत्येक यंत्रापाशी शिल्ड अर्थ केली तर थांबेल का?
– एक वाचक, भोसरी

समाधान : तशी थेट अर्थ अजिबात करू नका. १०बेस२मध्ये शिल्ड अर्थ करायचीच, तर एकाच ठिकाणी. दोन जागी केली की दोन्हीकडच्या अर्थिंगमधल्या फरकामुळे शिल्डमधून ५० हर्ट्‌झचा प्रवाह वाहतो. शेड वेगळ्या असतील तर ते धोक्याचंही ठरतं. म्हणूनच नेटवर्क कार्डात केबल आणि यंत्राची बॉडी अलग ठेवलेली असते.

पण त्यामुळेच कार्डावरच्या गोंगाटाला बॉडीकडे परतायला जवळची वाट उरत नाही. तो शिल्डच्या बाहेरच्या अंगावर चढतो आणि सगळी केबल ॲन्टेना होते. मीटरभर केबलवर ५ मायक्रोॲम्पिअर एवढा प्रवाहही अमेरिकेतली घरगुती उपकरणांसाठीची एफसीसी मर्यादा ओलांडायला पुरतो.

यावर उपाय म्हणजे बीएनसी सॉकेटला लागूनच, शिल्ड आणि बॉडी यांच्यामध्ये ०.०१ मायक्रोफॅरडचा उच्च व्होल्टेजचा सिरॅमिक कपॅसिटर. स्थिर विजेचा निचरा व्हावा म्हणून त्याला समांतर १ मेगोहमचा रेझिस्टर. ५० हर्ट्‌झला हा कपॅसिटर सुमारे ३१८ किलोओहम अडथळा करतो, १०० मेगाहर्ट्‌झला हिशेबाने जेमतेम ०.१६ ओहम.

शंका : आम्ही शिल्ड एका ठिकाणी जाड तारेने अर्थिंगच्या पट्टीला जोडली. तरी खरखर तशीच. तार आणखी जाड घ्यावी का?
– एक वाचक, सातपूर

समाधान : जाडीने फारसं काही साधणार नाही, अडचण लांबीची आहे. सरळ तारेचं इंडक्टन्स मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेन्री. म्हणजे १० सेंटिमीटर तारेचा १०० मेगाहर्ट्‌झला अडथळा झाला सुमारे ६३ ओहम! तुमची तार तर पट्टीपर्यंत गेली आहे. ती अर्थिंग सुरक्षेसाठी राहू द्या, पण रेडिओ-गोंगाट जमिनीत मुरत नाही; तो जिथून निघाला त्या बॉडीकडेच त्याला परत न्यावा लागतो. वरच्या उत्तरातल्या कपॅसिटरचे पायसुद्धा म्हणूनच अगदी आखूड कापा, आणि बॉडीवरचा रंग खरवडून दातेरी वॉशर लावा.

त्याआधी एक चाचणी करा. यंत्रापाशी केबलवर फेराइटची क्लिप बसवा. आतल्या सिग्नलचे जाणारे आणि परतणारे प्रवाह फेराइटमध्ये एकमेकांचा परिणाम रद्द करतात, त्यामुळे डेटाला धक्का लागत नाही. खरखर उतरली, तर गोंगाट शिल्डच्या बाहेरूनच वाहतोय हे नक्की. मग कपॅसिटरचं काम हाती घ्या.